दिल्लीत भाकरी थापायची नाही

मला तापट म्हणता ना, मग हे ऐका. ऐन थंडीत आम्ही सगळे दादाकडे दिल्लीला जाणार आहोत. हिंडाफिरायचं नाही, गच्चीत ऊन खात निवांत बसायचं, असा बेत. लेकाला गरम भाकरी घालायची म्हणून आईनं ज्वारी दळून आणली, काठवटही पिशवीत भरली. काल दादाचा फोन आला.

"आई, इथं भाकरी थापू नकोस हं. खालच्या फ्लॅटवाले आवाजाची तक्रार करतात."

मी फोन हिसकावला. "आणि रस्त्यानं ढोल बडवत वराती जातात, त्या चालतात होय रे?"

"तुला नाही कळायचं. आम्हाला इथं राहायचंय."

आईनं फोन परत घेतला. "तिचं मनावर घिऊ नगो बाळा. न्हाय हू देत आवाज."

मग तिनं काठवट पिशवीतून काढली, खाली गोधडीची घडी घातली आणि बोटांच्या टोकांनी हळूहळू भाकरी थापू लागली.

"बग गं, बाहीर ऐकू येतंय का?"

"नाही येत," मी म्हणाले.

ती भाकरी उचलतानाच फाटली. आईनं पीठ पुन्हा गोळा केलं. "जमंल की. जायला अजून येळ हाय."