पहिल्यातला खुनी, दुसऱ्यातला चहा

...नाही, पण मला एक सांगा, खून झालाय, प्रेत पडलंय, खुनी मला ठाऊक आहे, मग तो वाचकाला पुस्तकभर का सांगायचा नाही? का? मी बातमीदार माणूस, अर्धवट बातमी देत नाही! कोण मेलं, कुठे, कुणी मारलं, सगळं पहिल्या परिच्छेदात, कारण जागा कमी पडली की उपसंपादक शेपटाकडून कापतो, आणि शेपटात खुनी ठेवला तर खुनी सुटतो! जन्मभर हेच केलं, तर कादंबरीही तशीच सुरू केली. हे आमचे प्रकाशक, हे काय पहिल्या रांगेत बसलेत, यांनी ते वाचलं आणि चष्माच काढून ठेवला. "अहो, खुनी पहिल्याच ओळीत? मग पुढे लोकांनी वाचायचं काय?"

म्हटलं, "तपशील!"

बरं, नेला बाबा खुनी शेवटच्या प्रकरणात. तर यांचं नवं टुमणं! "साहेब, मला एक पुस्तक नकोय, मालिका हवीय. तोच तुमचा विमा कंपनीचा तपासनीस, दर पुस्तकात नवी भानगड. दुसरं एकटं वाचलं तरी पोट भरलं पाहिजे, पण ते वाचून पहिलंही घ्यावंसं वाटलं पाहिजे. नाही वाटलं तर तिसरं विसरा!" ऐकलंत? पोट भरलं पाहिजे आणि भूकही राहिली पाहिजे! हा माणूस पुस्तकं छापतो की औषधं विकतो? आणि तिसरं विसरून कसं चालेल? तिसरं म्हणजे आमच्या संपादकाने दाबलेली माझी बातमी! तिच्यासाठी तर हा सगळा खटाटोप!

तर लिहिलं दुसरं. आता काल ज्याने पेपर घेतला नाही त्याने काय पाप केलंय? त्याच्यासाठी आम्ही पार्श्वभूमी देतो. तशी दिली. ऐटीत. ताईला वाचायला दिलं. ताई म्हणाली, "छान झालंय रे!"

"मग आता पहिलं वाच."

"ते कशाला? यात आहे की सगळं. त्या अमक्याने तमक्यात विष..." नाव नाही सांगत तुम्हाला, प्रकाशक डोळे वटारतायत.

चिडलो, पार्श्वभूमी उडवली. सगळी! प्रत मेव्हण्याला दिली. तो पाचव्या पानावरून फोन करतो, "भाऊजी, हा माणूस कोण? आणि सगळ्यांवर गुरगुरतो का? मला आपलं भलत्याच घरच्या भांडणात शिरल्यासारखं वाटतंय." आता बोला! सांगितलं तरी पंचाईत, नाही सांगितलं तरी पंचाईत. मी बातमीदार माणूस, अर्धवट बातमी देत नाही, पण तुम्हाला सांगतो, त्या दिवशी दातओठ खाऊन अर्धवट दिली. तपासनीस कोण, काय करतो, सगळं सांगितलं. दुसऱ्यातली चोरी दुसऱ्यातच पकडली, चोर, माल, कारण, काही म्हणता काही बाकी ठेवलं नाही. फक्त हा तपासनीस कुणाच्याही घरी चहा घेत नाही. कप पुढे आला की बाजूला सरकवतो. का, ते लिहिलं नाही. बोटं शिवशिवत होती हो!

आता बायको. तिने माझं आजवर काही वाचलं नव्हतं, "तुमच्या बातम्या जेवताना ऐकते तेवढ्या पुरे." पण हे वाचलं. मी दाढी करतोय, तोंडाला फेस, आणि ही दारात. "अहो, हा कुणाकडे चहा का घेत नाही?"

"पहिल्यात आहे."

"सांगा ना!"

"पहिल्यात आहे!"

नाही सांगितलं! फेस गिळला, पण नाही सांगितलं! तिने कपाटातून पहिलं ओढलं ते उभ्याउभ्याच वाचायला लागली. गॅसवर दूध उतू गेलं, फोन वाजून वाजून गप्प झाला, मला वाटलं जिंकलो, तिसरं पुस्तक आलंच! आणि संध्याकाळी बाई तरातरा आली, डोळ्यांत पाणी, "कसले हो तुम्ही दुष्ट! बिचारा रोज ज्या मित्राकडे चहा प्यायला जायचा, तो मेला कंपाउंडरच खुनी निघाला, आणि याच्याही कपात विष..."

...

अरे देवा.

नाही, म्हणजे, हे मी नाही, हे बायको म्हणाली... प्रकाशक, अहो कुठे निघालात? बसा ना! पाणी घ्या! अहो, मी बातमीदार माणूस, किती वेळ दाबून ठेवणार?

गेले.

असू द्या मंडळी. टेबलावर दोन्ही पुस्तकं आहेत. दुसरं घ्या... ते एकटंही वाचता येतं.