अण्णा मोजणीदारांचे चार खांदेकरी

मंडळी, देवाचं नाव एकदा मोकळ्या गळ्यानं घ्या बघू... वा! पुढं बसलेल्या माउल्यांनी घेतलं. मागच्या रांगेनं नुसते ओठ हलवले. ओ पागोटेवाले, घसा झिजत नाही हो, घ्या!

हां. आता एक विचारतो. शंभर वर्षं कुणाकुणाला जगायचंय? हात वर करा... बघा, सगळा मंडप वर! आमच्या मृदंगवाल्यानं तर दोन्ही हात वर केले, ठेका गेला खड्ड्यात! बरं, आता दुसरा प्रश्न. माणसाचं आयुष्य राखतं कोण? तो स्वतः? डॉक्टर? का कारल्याचा रस? — आले सगळे हात खाली. असू द्या. मलाही चटकन सांगता येत नाही, म्हणून गोष्ट सांगतो.

कुरणवाडी नावाचं गाव. तिथं अंबादास अण्णा राहायचे. पस्तीस वर्षं जमीन मोजणी खात्यात काढलेली, म्हणून सगळे म्हणायचे अण्णा मोजणीदार. निवृत्त झाले, मोजायला जमीन राहिली नाही. मग काय करणार? स्वतःलाच मोजायला लागले. ठरवलं की शंभर वर्षं जगायचं, एक दिवस कमी नाही. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. भाकरी बत्तीस वेळा, भात बत्तीस वेळा. मंडळी, आमटीसुद्धा बत्तीस वेळा! त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, जेवण व्हायचं, भांडी व्हायची, शेजारणीशी भांडण होऊन ते मिटायचंसुद्धा, आणि अण्णा अजून दुसऱ्या भाकरीवर.

बरं, एवढ्यावर थांबले का? नाही. कुणीतरी सांगितलं की माणसाला श्वास मोजून मिळालेत. झालं! अण्णांनी बोलणं सोडलं. कुणी राम राम म्हटलं तर नुसती भुवई उचलायची. हसणं बंद, त्यात फार वारा जातो. लग्नाला जायचं नाही, जिलबी असते. मयताला जायचं नाही, दुःखानं रक्तदाब वाढतो. हसू नका. तुमच्यातही आहेत असे, आत्ता खिशातल्या यंत्रावर पावलं मोजत मांडवाला फेऱ्या घालतायत ते मला इथून दिसतायत.

तर एके सकाळी अण्णा ओट्यावर बसून दुधीचा रस चावत होते. समोरून मयत चाललं. चौऱ्याण्णव वर्षांचे आजोबा, पण त्यांना खांदा द्यायला त्यांच्या वयाचं, त्यांच्या ओळखीचं एक माणूस उरलेलं नव्हतं. तिरडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवलेली, मागं दोन नातू, आणि ड्रायव्हर गाणं लावायचं का म्हणून विचारत होता.

अण्णांच्या हातातला पेला खाली पडला. शंभर वर्षं जगायची तयारी चाललीय, पण तोवर आपल्याला खांदा देणारे राहतील का? सगळे आधी गेले तर आपणही ट्रॉलीतच! पुढचा सगळा दिवस त्यांना अन्न गेलं नाही.

मग मोजणीदाराचं डोकं चालायला लागलं. चार माणसं निवडायची, ती आपण शंभरी गाठेपर्यंत ठणठणीत ठेवायची. आणि चौघांची उंची सारखी पाहिजे, नाहीतर तिरडीचा कोपरा कलतो. अण्णा टेप घेऊन गावात निघाले. शंकर गुरव मापात बसला, हणमंत लोहार बसला, यशवंता पैलवान जरा उंच होता, पण गुडघ्यात वाकल्यामुळं तोही मापात बसला. तिघांना वाटलं, म्हाताऱ्यांसाठी सरकारची काही योजना आली असेल. म्हणून त्यांनी खुशीनं माप देऊन टाकलं!

दुसऱ्या दिवसापासून अण्णा पहाटे तिघांच्या दारात हजर. चला फिरायला! लोहाराच्या ताटातली भजी उचलली. गुरवाची तंबाखूची डबी ओढ्यात भिरकावली. पैलवानाच्या गोळ्या तो घेतो की नाही, ते बघायला त्याचं तोंड उघडून आत पाहायचे. आणि दर रविवारी सराव! खऱ्या तिरडीचा नाही हो — शिडीचा. शिडीवर अण्णांच्या वजनाइतकं ज्वारीचं पोतं. पुढं मडकं धरून चालायला कुणी तयार होईना, म्हणून मडकं धरून स्वतः अण्णा! रस्त्यानं लोक टोप्या काढायचे, हात जोडायचे, हळूच विचारायचे की कोण गेलं. लोहार सांगायचा, ज्वारी.

पण मंडळी, चौथा कोपरा रिकामा. कुणी उंच, कुणी बुटका. गावात नेमक्या मापाचा एकच माणूस होता, केरबा. लहानपणी दोघं एकमेकांची पैरण घालून शाळेत जायचे, इतकी उंची सारखी. आणि त्याच केरबाशी अण्णांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. का? नोकरीत असताना अण्णांनी त्याचा बांध मोजला आणि माप हातभर केरबाच्या विरुद्ध गेलं. मोजणी खरी होती. पण दोस्तानं माझी जमीन नेली, एवढंच केरबाच्या मनात बसलं. बायको गेल्यावर तर तो एकटाच पडला. अण्णा तिला पोचवायलाही गेले नव्हते. रक्तदाब!

आठ दिवस अण्णा त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे आणि परत यायचे. लाज वाटत होती हो. पण ट्रॉली डोळ्यांपुढून हलेना. शेवटी एका सकाळी गेले. केरबा खाटेवर बसलेला, पायांत जुने कॅनव्हासचे बूट. बघतच राहिला.

"कशाला आलास?"

"उंची मोजायची होती."

केरबा म्हणाला, "मागल्या खेपेला मोजलंस तेव्हा हातभर जमीन गेली. आता मोजशील तर हातभर मी जाईन."

अण्णांनी काही लपवलं नाही. शंभर वर्षं, ट्रॉली, गुरव, लोहार, ज्वारी, सगळं सांगितलं. नऊ वर्षांचे साठवलेले श्वास एका दमात खर्च झाले! केरबा ऐकत राहिला. आधी त्याच्या मिशा हलल्या, मग खांदे हलले, मग इतका हसला की खोकला आला. म्हणाला, माझी बायको गेली तेव्हा आला नाहीस, आणि आता तुझ्या मयताचं आमंत्रण घेऊन आलास होय रे? आणि उठून भिंतीला पाठ लावून उभा राहिला. घे मोजून!

पण अण्णा पडले मोजणीदार. बुटासकट माप घेतील? म्हणाले, बूट काढ. केरबा नको म्हणाला. हे म्हणाले, अर्ध्या इंचाचा फरक येतो. शेवटी अण्णांनीच खाली बसून बुटाची नाडी सोडली. बूट निघाला आणि वास आला. उजव्या पायाचा अंगठा काळाठिक्कर, शेजारचं बोट सुजलेलं, चिंधी कातडीला चिकटलेली.

"दुखत नाही रे," केरबा म्हणाला. "काट्याएवढंही कळत नाही."

दुखत नव्हतं, म्हणूनच तर घात झाला होता. साखर चढली की पायाची जाणीव जाते. बोट जळलं तरी माणूस म्हणतो, मी बरा आहे. अण्णांनी टेप तिथंच टाकला आणि त्याला जीपमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन आठवडे गेले असते तर गुडघ्याखाली पाय राहिला नसता, कदाचित माणूसही नाही. दोन बोटं काढली. केरबा वाचला. सोळा दिवस अण्णा त्याच्या उशाशी बसून होते. बोलत होते, रडत होते, नर्सशी हुज्जत घालत होते. बाहेरच्या गाड्यावर उभ्यानं वडापाव खात होते. किती वेळा चावला ते त्यांना विचारू नका.

केरबा घरी आला. आता काठी घेऊन चालतो. चालताना उजवा खांदा चांगला दोन इंच खाली जातो. रविवारच्या सरावाला त्यानं कोपरा धरला की पोतं सरळ त्याच्याच कानावर! तरी अण्णा रोज पहाटे सगळ्यांत आधी त्याच्याच दारात. त्याला खाटेवर बसवायचं, दोन्ही पाय मांडीवर घ्यायचे, बोटं फाकवून बघायची, तळव्याला चिमटा काढून विचारायचं की कळतंय का.

एक दिवस काकू म्हणाल्या, "अहो, तो आता मापात बसत नाही. कोपरा कलणार तुमचा. दुसरा बघा की एखादा."

अण्णा म्हणाले, "कलू दे. पडलो तर पडलो. मेलेल्याला कुठं लागतं?"

हसा मंडळी, हसा. मीही हसलो होतो. आता माझं ऐका.

केरबा कशानं वाचला? कारल्यानं नाही, बत्तीस वेळा चावूनही नाही. चाला, कमी गोड खा, तंबाखू सोडा, गोळ्या वेळेवर घ्या, हे सगळं करायचंच आहे. डॉक्टर सांगतो ते खोटं नाही. पण आपला तळवा आपल्याला दिसत नाही हो! तो दुसऱ्यालाच बघावा लागतो. केरबाचं आयुष्य त्याच्या हातात नव्हतं. बूट काढ म्हणणारं माणूस दारात येण्यावर ते लटकलेलं होतं, आणि त्याच माणसाशी नऊ वर्षं अबोला होता.

माझा एक चुलता होता. दर दिवाळीला मी त्याच्या पाया पडायचो. वीस वर्षं पडलो. वाकलो, हात लावला, तोच हात कपाळाला नेला आणि फराळाकडं वळलो. त्याचा डावा पाय कसा होता, असं मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. साखरेनं तो पाय गेला. सहा महिन्यांनी चुलता गेला. आणि मी, हा तुमचा बुवा, गावोगावी लोकांना आरोग्य सांगत फिरतो. मला लाज वाटते, म्हणून सांगतोय.

आपण पाया पडणारी माणसं. देवळात पडतो, घरात पडतो, पुढाऱ्याच्यासुद्धा पडतो. डोळे मिटून पडतो! आज घरी जाल. आई असेल, वडील असतील, सासू असेल, अबोला धरलेला भाऊ असेल. पाया पडा. पण आज डोळे उघडे ठेवा, आणि दिवा जरा जवळ घ्या.