बिगारबंदीचा कायदा

(सन १९४१. वाशीम. सैफुद्दीन शिंप्याचं दुकान, दुपारची वेळ. दाराचा पडदा ओढून घेतलेला.)

जगदेव : तो काळा झगा पह्यले उसव, सैफूभाई. कोनी पाह्यला त आपन मेलो.

सैफुद्दीन : उसवूनच राह्यलो. टाके बारीक आहेत, लवकर निंघत नाईत. सभापतीचा झगा म्हनून कोन्या हौसेनं शिवला होता म्या. जगदेवभाऊ, एक डाव नीट सांग. किन्हीराजा गावात झालं काय?

जगदेव : आमच्या वकीलसाहेबाकडं आज तिकडचा मानूस आला होता. गावाच्या आमराईत दौऱ्यावरच्या साहेबाचा तंबू पडला. नेहमीसारखी बिगार बलावली. सामान वाहा, घोड्याले पानी पाजा, सारं फुकट. रामधन नावाचा गडी म्हने, मी नाई वाहत. बिगार बंद झाली, नवा कायदा झाला.

सैफुद्दीन : या अल्ला. आपला कायदा?

जगदेव : आपलाच. वाशीमच्या बजारात त्यानं दवंडी आयकली म्हने.

सैफुद्दीन : ते दवंडीचं खूळ तुह्यं. आपलं कायदेमंडळ खेळातलं, दुकानाच्या आतच भरू दे म्हटलं होतं म्या. तू वकिलाचा कारकून, तू बिल लिवावं, आमी भांडावं, हात वर करावे, चहा पेवाचा अन् घरी जावाचं. मजेत चाललं होतं.

जगदेव : मले वाटलं, दवंडीबिगर कायदा लागू कसा होईन? खेळाचा त पुरा खेळावा. डफडंवाला पिटत पिटत पार बजारात गेला, त्याले मी काय करू? लोक हासतीन असं वाटलं.

सैफुद्दीन : लोक हासलेच. एक नाई हासला.

जगदेव : त्याले चावडीत बसवून ठेवलं. कायदा कोनं केला ते सांग म्हनते. लढाईचे दिवस आहेत. सरकारच्या नावानं खोटी दवंडी, ज्यानं देल्ली तो जेलात सडते, असं वकीलसाहेब म्हटले. मी तिथंच उभा होतो. तसाच इकडं पयत आलो.

सैफुद्दीन : हे मशीन जप्त झालं त आमी खावाचं काय? घरी बायकोले, सरवरीले, कळलं त ती अन्न सोडीन.

जगदेव : रामधनले आपली नावं माईत नाईत. चुप बसलो त निभते.

सैफुद्दीन : अन् त्याचं?

जगदेव : तो मार खाईन.

सैफुद्दीन : हळू बोल. पडद्याबाहेर कोनी उभं आहे.

रंगूबाई : कायदेवाले साहेब इथंच बसतेत का?

जगदेव : इथं साहेबगिहेब कोनी नाई, बाई. शिंप्याचं दुकान आहे हे.

रंगूबाई : डफडंवाल्यानं हेच सांगतलं. मी रंगूबाई, किन्हीराजाची. रामधनची बायको.

सैफुद्दीन : बस, बाई. पानी पे. पायी आली काय?

रंगूबाई : मालेगावपावतर पायी, मंग एकाच्या बैलबंडीत. साहेबाले घेऊन जावाचं आहे. चावडीत येऊन येवढंच सांगा, का कायदा झाला. ते लोक आयकतच नाईत. मारून राह्यले त्याले. कान सुजला त्याचा, त्या कानानं काई आयकू येत नाई. तरी म्हनते, म्या माह्या कानानं आयकलं.

जगदेव : सैफूभाई, तू बोल काईतरी.

सैफुद्दीन : बिल तुह्यं. तूच सांग.

जगदेव : तो कायदा खरा नाई, बाई. नागपुरात मोठे लोक बसून कायदे करत होते, त्याची आमी इथं नक्कल करतो. कोनी मंत्री होते, कोनी त्याले भांडते. मी बिलं लिवतो. खेळ आहे आमचा.

रंगूबाई : खेळ?

जगदेव : हो.

रंगूबाई : अन् दवंडी?

जगदेव : तेबी खेळातलीच.

रंगूबाई : त्यानं त मले पाठ म्हनून दाखोलं होतं. कोन्याबी गडीमान्साले त्याच्या मर्जीबिगर अन् मजुरीबिगर राबवता येनार नाई. म्हने, रंगू, असं उगाच कोनी लिवत नाई. येवढा इचार करून लिवलं, त खरंच असन.

जगदेव : लिवतानी मलेबी खरंच वाटे, बाई. माह्या बापानं असेच तंबू वाह्यले जन्मभर.

रंगूबाई : मंग चावडीत येऊन हेच सांगा. खेळ होता म्हना. रामधन खोटं नाई बोलला, येवढं त कळू द्या त्याईले.

जगदेव : मले लय भेव वाटून राह्यलं. खरं सांगतो.

रंगूबाई : मलेबी वाटते. अशी एकटी कधी कोनाच्या दारात आली नवती मी.

जगदेव : सैफूभाई, तू दुकानात राह्य. बिल माह्यं होतं. मी माह्यंच नाव सांगीन.

सैफुद्दीन : अन् मंजूर कोनं म्हटलं होतं? सभापती मी होतो. थांब, मशीनवर कपडा टाकतो. सरवरीले काय सांगावं तेच सुचत नाई. सांगतो काईतरी, मंग निंघू.

जगदेव : झगाबी घे संग. खेळ होता हे त्याईले दिसलं पाह्यजे.

सैफुद्दीन : एक बाही उसवली त्याची.

जगदेव : असू दे. तसाच घे.

रंगूबाई : भाऊ, एक इचारू? त्या कायद्यात बायाईचं काई होतं का? तंबूवर पानी मीच भरो. सारवनबी माह्याचकडं.

जगदेव : नाई, बाई. ध्यानातच नाई आलं माह्या.

रंगूबाई : पुढच्या खेपेले घाला.