शीव नसलेलं गाव

माझं माहेर कामशेतच्या पल्याड, टेशनातनं उतरून भाताच्या खाचरांतनं चालत गेलं की लागतंय. आई मी लहान असतानाच गेली, मागं आबा, मी आन् पाठचा भाऊ सखा. त्याला मीच कडंवर घेऊन वाढवला. मला दिली लोणावळ्याला, आमचे मालक रेल्वेत खलाशी, यार्डात डबे जोडायचे-सोडायचे, आन् आबा समद्या गावाला सांगत हिंडायचा की पोरीला पगारी नवरा मिळाला.

तवा लोणावळा म्हंजे काय हुतं, काय सांगू तुमाला बाई, चार चाळी, घाटात गाडीला मागनं रेटायची इंजिनं उभी ऱ्हायची ती शेड, पान्याची टाकी आन् धूर, लय धूर, धुनं वाळत घातलं की काळं व्हायचं. टेकडीवर शेटलोकांचे बंगले, ते उन्हाळ्यात उघडायचे. माझ्या एका बाजूला कोकनातली बिऱ्हाडं, दुसऱ्या बाजूला सोलापूरकडची, पल्याड एक मद्राशी फिटर. गाव म्हनावं तर पाटील न्हाई, देऊळ न्हाई, शीव न्हाई. जुनं गाव शेजारी हुतं, पर ते आमाला आपलं म्हनत नव्हतं. मला त्याचं काय न्हाई वाटायचं, कारन मला माहेर हुतं. दिवाळीला जायची, सखा टेशनावर घ्यायला उभा असायचा.

मग तो ताप आला, पहिली लढाई संपायच्या सुमाराला. सकाळी नळावर बोललेली बाई सांजच्याला उचलायची, जाळायला लाकडं मिळंनात. माझी तान्ही पोरगी बी फणफणली. तर सोलापूरकडची सत्यभामामावशी हुती, चाळीत समद्यांत म्हातारी, ती म्हनाली, मरीआय कोपलीय, तिचा गाडा लावा. आपल्याकडं ती रीतच हाय, लाकडाचा हातभर गाडा करायचा, त्यात देवीला खन, हिरव्या बांगड्या, दहीभात ठेवायचा आन् वाजत नेऊन शेजारच्या गावाच्या शिवंवर सोडायचा, ते गाव फुडं ढकलतंय, असा रोग फुडं फुडं जातो. सुतारानं गाडा केला, आमी वाजत नेला, तर जुन्या गावाचे लोक काठ्या घेऊन उभे. म्हनाले, रोग तुमच्या गाडीतनंच उतरलाय, आन् तुमाला शीव कुटली, न्या माघारी.

बाया रडत माघारी फिरल्या. मालकांनी पोरीकडं बघितलं, गाडा उचलला आन् थेट यार्डात नेला. म्हनले, आपली शीव म्हंजे रूळ. पुण्याकडं निघालेल्या मालगाडीच्या रिकाम्या डब्यात तो ठेवला, दार लावलं, हात जोडले. मी इचारलं, कुटं जाईल वो? म्हनले, लांब जाईल, पार रायचूरपातूर, तितं आपलं कोन हाय.

लांब कुटली जातीय. तो डबा कामशेतलाच सोडला, भाताची पोती भरायला. भरनारे हमाल माझ्याच माहेरचे, दार उघडलं तर आत देवी बसलेली.

माझी पोरगी उठली आन् तितं मानसं पडायला लागली. आबा गेला. डबा लोणावळ्याचा हे गावाला कळलं, जावई यार्डात हाय हे तर ठावंच हुतं. मी दहाव्याला गेले, तर शिवंवर पाच-सहा जन आन् मधी सखा. म्हनला, अक्का, हितनं फुडं येऊ नगंस, तुज्या नवऱ्यानं आबाला मारला. डोळं काय त्यानं वर केलं न्हाईत. मी म्हनलं, आरं घोटभर पानी तरी दे, तर तांब्या जमिनीवर ठेवून मागं सरला. मला लय राग आला, तांब्याला हात न लावता फिरले.

तवापासनं मालकांनी भात सोडला. मावळात ऱ्हाऊन भात न्हाई, भाकरीच खायचे. मी किती समजूत घालायची, तर एकच म्हनायचे, डबा मी जोडला हुता.

गाव मातर वाढत गेलं. इजेची इंजिनं आली, धूर गेला, पेठ झाली, शाळा झाली, चाळीतली पोरं म्हनाया लागली आमी लोणावळ्याचे. माझ्या पोरीच्या लग्नात मामा म्हनून त्या मद्राशी फिटरला उभा केला, बिचारा धोतर नेसून आला. मालक त्या दिशी कोपऱ्यात तोंड लपवून रडले. फुडं दोन-तीन पावसाळे काढले आन् गेले.

आन् यंदा चैतात दारात सखा. पार म्हातारा झालेला. पानी दिलं, प्याला, मग म्हनला, अक्का, डबा यायच्या आधीच ताप घरात हुता. मीच आनला. पुण्याला लष्कराच्या गोदामात हमालीला गेलतो, तितनं अंग तापलेलं घेऊनच गाडीत बसलो, माज्यापासनं आबाला लागला. मग त्यो गाडा घावला, समद्यांनी लोणावळ्याचं नाव घेतलं, मी गप बसलो. बोललो असतो तर गावानं मला ठेवलं नसतं.

मी म्हनलं, हे मालकांना का न्हाई सांगितलंस? तर म्हनला, दोनदा टेशनापातूर आलतो अक्का, धीर झाला न्हाई.

जेवू घातला त्याला. जाताना म्हनला, आता गावाला ये, अडवनारं कुनी उरलं न्हाई. मी बरं म्हनलं. गेले न्हाई अजून, जाईन का ते बी ठावं न्हाई. सख्याला देव सुखी ठेवो, त्याची नातवंडं नांदोत, मी काय वाईट चिंतत न्हाई. माझ्या वाटनीची माफी मी त्याला कवाच दिली बाई. पर मालकांच्या वाटनीची मी कशी देऊ, ती माझी न्हाई.