पायरीवर बसलेली गैरहजर

(वसईच्या पाचूबंदरला राहणाऱ्या, मासळी विकणाऱ्या चंद्राबाईंनी सांगितलं, तसं उतरवून घेतलं.)

माझ्या पोरीचं नाव दर्शना, आनि तिला शाळेने गैरहजर मांडली ती या २००३ सालच्या जूनमध्ये, शाळा उघडली त्या सोमवारपासून शनिवारपर्यंत, सहाच्या सहा दिवस, आनि त्या सहाही दिवशी माझी पोर शाळेतच बसलेली होती, हे पहिलं लिहा. बाकी मग सांगते.

मी इथलीच, पाचूबंदरची. बाप खलाशी, आई म्हावरं विकायची, मी पन तेच केलं, नऊ वर्षांची असल्यापासून डोक्यावर पाटी, शाळेची पायरी काय मी चढले नाय, सही मागितली की आंगठा. लग्न झालं, दर्शना झाली, दीड वर्षाची असताना ताप आला आनि ताप उतरला तो पाय घेऊनच उतरला. पोलिओ म्हनाले. ती तीन वर्षांची होती तेव्हा नवरा वारला. मग आमी दोघीच. एका शिबिरात तिला लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर मिळाले, ते बांधले की सपाट जमिनीवर भिंतीला धरून ती चालते, चांगली चालते, फक्त पायरी नाय चढत. एवढंच. पायरी नाय चढत.

चौथीपर्यंत काय त्रास नव्हता, जिल्हा परिषदेची बैठी शाळा. पाचवीला मोठ्या शाळेत घातली, तिथे पाचवी पहिल्या मजल्यावर, सातवी दुसऱ्यावर, आठवी तिसऱ्यावर, म्हंजे काय सांगू तुमाला, पोर जशी वाढत गेली, जड होत गेली, तसा तिचा वर्ग वर वर चढत गेला. मजल्याला बावीस पायऱ्या. मी सकाळी बंदरावर म्हावरं घ्यायची, बाजारात विकायची, बाराला धावत शाळेत, पोरीला पाठंगुळी घ्यायची आनि वर. साडेपाचला परत जाऊन खाली. मधल्या वेळात ती पानी पीत नसे, कारन मुतारी तळमजल्यावर. उन्हाळ्यात पन नाय. घरी आल्यावर घटाघटा तांब्या संपवायची, मला वाटायचं पोरीला तहान फार.

पोरं काय कमी नव्हती. माझ्या पाठीवर तिला बघितलं की ओरडायची, म्हावरं आलं, म्हावरं आलं! माझी दर्शना पाठीवरूनच म्हनायची, ए, भाव विचारायची तरी ऐपत हाय काय तुझी? कोळनीची पोर ती, ऐकून घेईल? मोठे सर मला म्हनाले, बाई, मागच्या जिन्याने या, वासाने पोरांचं लक्ष जातं. मी मागच्या जिन्याने गेले. उलट बरं वाटायचं, की मी हाय म्हनून पोर शिकते.

सातवीत असताना गॅदरिंगला त्यांनी मला स्टेजवर बोलावलं. आदर्श माता म्हनाले, शाल दिली, नारळ दिला, सगळा हॉल टाळ्या वाजवत होता, आनि माझ्या डोळ्यांत पानी. घरी येऊन शाल दाखवली तर पोर म्हनते, आई, तुला शाल दिली, मला काय दिलं? मी तिला रागावले. बाई, त्या दिवशी रागवायला नको होतं, त्या दिवशी ऐकायला हवं होतं.

त्यानंतर महिनाभरात ठाण्याहून एक साहेब आले. अपंग मुलांसाठी सरकारचा नवा आदेश हाय, शाळेत त्यांना अडचन हाय की नाय ते बघतो म्हनाले. मी तेव्हा पोरीला वर सोडून खाली येत होते, मोठे सर म्हनाले, या चंद्राबाई, साहेबांना सांगा. काय अडचन हाय का? आनि मी, मूर्ख बाई मी, कालपरवा शाल मिळालेली, छाती काढून म्हनाले, छे हो साहेब, मी हाय ना, मी आनते, माझ्या पोरीला कसलीच अडचन नाय. साहेबांनी कागद पुढे केला, मी आंगठा केला. काय लिहिलंय ते कोनी वाचून दाखवलं नाय, मी विचारलं पन नाय.

मे महिन्यात धक्क्यावर घसरले. पाटी डोक्यावर, खाली शेवाळ, कमरेवर आदळले. डॉक्टर म्हनाले, वजन उचललं तर कायमची आडवी होशील. शाळा उघडायच्या आधी मी काठी टेकत, दर्शनाला घेऊन मोठ्या सरांकडे गेले, म्हटलं, सर, आता माझ्याच्याने होत नाय, आठवीचा वर्ग खाली आना. तर म्हनतात, एका पोरीसाठी साठ पोरं खाली आनू? म्हटलं, सर, साठ पोरान्ला पाय हायत, ती उतरतील. म्हनतात, खाली जागा कुठे हाय? हाय की! हॉलच्या बाजूला खोली हाय, काचेच्या कपाटात नुसते कप आनि ढाली. म्हनतात, मग ट्रॉफ्या कुठे ठेवू? असं म्हनाले, तोंडावर. मग म्हनाले शिपाई उचलून नेईल, तर दर्शना म्हनाली, तेरा वर्षांची हाय मी, आता मला कोनी पन उचलायचं काय?

आनि मग कपाटातून त्यांनी तो कागद काढला. वाचला. इमारतीबाबत पालकांची कोनतीही तक्रार नाही. खाली माझा आंगठा.

सोमवारी पोर रिक्षाने गेली, कॅलिपर बांधून, नवं दप्तर घेऊन, आनि पहिल्या पायरीवर बसली. बाराची घंटा झाली, सगळी तिच्या बाजूने वर गेली. ती साडेपाचपर्यंत बसली. मंगळवारी परत. सहा दिवस. वर हजेरी घेताना तिचं नाव आलं की एक मैत्रीन सांगायची, बाई, ती खाली बसलीय, आनि बाई लिहायच्या, गैरहजर. पुढच्या सोमवारी मोठे सर मला म्हनाले, सतत गैरहजर हाय, दाखला घेऊन जा, दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून घरून बसवा. घरून! पोर शाळेत येऊन बसते, आनि हे तिला घर दाखवतात.

आता दोन महिने ती घरी हाय. दाखला मी घेतलेला नाय. ती दारात बसून सातवीचीच पुस्तकं परत वाचते. हे लिहून घेताना तुमी कायद्याचं पुस्तक वाचून दाखवलंत ते बरं केलंत. अठरा वर्षांची होईपर्यंत तिला फुकट शिकवायचं, शाळेच्या इमारतीत तिला अडवनारं काय असेल ते काढायचं, असा दिल्लीचा कायदा, आनि तो झाला तेव्हा माझी पोर पाच वर्षांची होती! म्हंजे मी पहिल्यांदा तिला पाठीवर घेतली त्याच्याही आधी तो झालेला होता, आनि मोठे सर, मला शाल दिलीत? कायदा होता तर शाल कशाला दिलीत? मी उचलत होते तोवर तुमची सोय होती, तिची नव्हती.

हे सगळं मी दोनदा वाचून दाखवायला लावलं, मगच खाली आंगठा केला. पहिल्या कागदावरचा आंगठा मी मागे घेते, असं स्पष्ट लिहा.

आनि आता तुमी, वाचनारे. तुमची पोरं याच शाळेत जातात, धावत वर चढतात, चढोत, देव त्यांचे पाय असेच ठेवो. येत्या शनिवारी पालकांची सभा हाय. शेवटी मोठे सर विचारतात, कोनाला काय बोलायचं हाय? दर वेळी सगळे गप्प बसतात आनि चहाला उठतात. या वेळी उठायचं ते बोलायला. शाल नको, टाळ्या नको, माझी कीव तर अजिबात नको. उभे राहा आनि म्हना, ट्रॉफ्या तिसऱ्या मजल्यावर न्या, आठवीचा वर्ग खाली आना, सोमवारच्या बाराच्या घंटेआधी.