इतर नावाचं फोल्डर

हसा, हसा, तुमचं काय जातंय... कॉपी होताना ती हिरवी पट्टी सरकते ना, तुम्हाला सांगतो, तिनं मला जेवढं उघडं पाडलं तेवढं आमच्या आईनंही कधी पाडलं नाही, आणि आई तर पाहुण्यांसमोर माझं प्रगतिपुस्तक काढते.

झालं काय, माझी ताई दोन वर्षं पुस्तकं वाचतेय, म्हणजे मोठ्यानं, माईकसमोर, अंध मुलांच्या शाळेसाठी. खोलीत चारी बाजूंनी रजया टांगायच्या आणि आत बसून इतिहास, विज्ञान, सगळं रेकॉर्ड करायचं. तोवर घरात पंखा बंद, मिक्सर बंद, शिंक आली तर जिन्यात जाऊन द्यायची. असं चारशे जीबी साठलं. मुलांची परीक्षा पंधरा दिवसांवर, म्हणून शाळेचे मास्तर स्वतःच चार टीबीची नवीकोरी हार्ड डिस्क घेऊन दोन वाजता आमच्याकडे हजर. चारला त्यांची बस, दिवसातली शेवटची. मास्तरांनाही दिसत नाही, पण काठी दाराशी ठेवून बरोबर खुर्चीत जाऊन बसले. मी डोळे असून रोज त्याच स्टुलाला धडकतो.

ताई म्हणाली, "मास्तर, काळजी नको, माझा भाऊ आहे ना, त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं."

ह्या वाक्यानं माझा घात केला बघा.

वायर लावली, पट्टी सुरू, पाऊण तास दाखवतेय. मी मालकासारखा पाय हलवत बसलो. दोन मिनिटं सुसाट, आणि मग गाडी बसलीच एकदम. एकशे चाळीस एमबीचा वेग होता तो थेट बारा केबी. उरलेला वेळ, एक दिवस नऊ तास. वर फोल्डरचं नाव... इतर.

आता हे 'इतर' कुणाचं, हे जगात एकालाच ठाऊक. गेल्या वर्षी शिंकलो म्हणून ताईनं मला कॉलरला धरून बाहेर काढलं होतं, तो राग. वर्गातल्या चष्मिष्ट पोरानं शिकवलेला चार ओळींचा प्रोग्रॅम मी तिच्या कॉम्प्युटरात घातला. कॉम्प्युटर चालू झाला की हजार फायली आपोआप जन्माला, सगळ्यांचं नाव एकच, पुढे नुसता आकडा. वाटलं, दुसऱ्या दिवशी बघेल, बोंबलेल, मजा. तिनं ते फोल्डर उघडलंच नाही. मी विसरून गेलो. प्रोग्रॅम कशाला विसरतोय? रोज हजार, वर्षभर. एक पोतं उचलून ठेवणं सोपं असतं हो, पण त्यातली मोहरी एकेक दाणा मोजून दुसरीकडे ठेवायची म्हटलं तर?

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं ना?

उलट ती कॉपीची खिडकी खाली पाडली आणि स्क्रीनसमोर आडवा बसलो. "वायर खराब दिसतेय." वायर बदलली. "पुढची खाच स्लो असते." मागची शोधायला टेबल ओढलं, त्यात ताईचा माईक पडता पडता राहिला. आई आली, "तापला असेल तो, पंखा लावा त्याला." लावला. ज्या घरात दोन वर्षं पंखा बंद, तिथं डिस्कला पंखा. बाबा म्हणाले, "माझ्या मोबाईलचं नेट बंद करू का?" काही संबंध नाही, मी म्हटलं, "करा." बाबांनी जिथनं डिस्क आणली त्या दुकानदाराला फोन लावला, नंबर मास्तरांकडून घेऊन, "नकली माल खपवता? तोही शाळेला?" तिकडून तो बिचारा, "अहो साहेब, सीलबंद डबा दिलाय, वीस वर्षं धंदा करतोय..." बाबांचा आवाज चढत चालला, त्याचा उतरत चालला. आणि मी? मी पंख्याचं तोंड डिस्ककडे नीट वळवत होतो.

तीन वाजले. मास्तर म्हणाले, "मी ऐकू का जरा?"

ऐकू? कॉपी ऐकतात का कधी? खिशातून पेन ड्राइव्ह काढला, त्यात त्यांचा बोलणारा प्रोग्रॅम, स्क्रीनवर असेल ते मोठ्यानं वाचणारा. कीबोर्ड मांडीवर घेतला. मी लपवलेली खिडकी त्यांनी दोन बटणांत वर आणली. लपवायची कुणापासून, त्यांना मुळात बघायचीच नव्हती! 'इतर' उघडलं, खालचा बाण दाबला, आणि तो मशीनचा थंडगार आवाज, "ताईचा आवाज म्हणजे गंजलेलं दार, एक." टक. "ताईचा आवाज म्हणजे गंजलेलं दार, दोन." टक. "तीन." मग विचारलं एकूण किती, तर म्हणे तीन लाख बारा हजार.

बाबांच्या हातात फोन तसाच. दुकानदार तिकडून, "हॅलो? हॅलो साहेब, मिळालं का काही?"

मला वाटलं ताई मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं हो. ती रजईची घडी करत होती, थांबली, हळूच म्हणाली, "खरंच तसा आहे का रे?"

तसा नाहीये. पोटदुखीच्या दिवसांत मी भिंतीला टेकून तिचं अख्खं विज्ञान ऐकलंय, झोप लागेपर्यंत. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते सोडून मी रजईचं दुसरं टोक धरलं, तेही उलटं.

मास्तरांनीच कोंडी फोडली. "मुलं भांडतात तुमच्या आवाजासाठी, आधी कोण ऐकणार म्हणून. ते 'इतर' सोडून बाकीचं उचला." चाळीस मिनिटं. पोचलो कसेबसे बसपाशी, मी मास्तरांची पिशवी घेऊन पुढे, तरी दोनदा तेच मला म्हणाले, "खड्डा आहे, जपून." चढताना त्यांनी ताईला विचारलं, "भूगोल राहिलाय ना?"

ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "भूगोल हा वाचेल."

दुकानदाराची माफी मी फोनवर मागितली, बाबा शेजारी उभे. फायली पुसल्या, तो प्रोग्रॅमही काढला. आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी रजयांच्या आत मी, नद्या आणि पर्वत. ताई बाहेर बसून ऐकते, चुकलं की टकटक करते. माझा आवाज सध्या फुटतोय, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. पहिले चार धडे गेले शाळेत. काल मास्तरांचा फोन आला, स्पीकरवर, सगळं घर जेवायला बसलेलं.

"मुलांना धडे कळले म्हणावं," मास्तर म्हणाले. "एवढंच विचारतात, भूगोलात मध्येमध्ये ते दार कोण उघडतंय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काय बोलणार... बोललो असतो तर पुन्हा दार वाजलं असतं.