आधी हात लावू दे

साहेबराव : ही शेळी? हिचे कान कोणी कातरले?

मीना : चित्र आहे ते, आबा. पहिलीच्या पोरांना इंग्रजी शिकवायचंय. गोट म्हणजे शेळी. द्या इकडं.

साहेबराव : पांढरीफटक, उभे कान. आपल्याकडं अशी शेळी कुठं राह्यती? पोरं कुत्रं म्हणतील.

मीना : म्हणालीच आज दोघं-तिघं. उद्या परत घेते.

साहेबराव : मंग! सकाळी आपल्या काळीला घेऊन येतो. आधी हात लावू दे पोरांना, मंग इंग्रजी सांग. जल्दी ध्यानात राह्यतं.

मीना : नको.

साहेबराव : गरीब हाय ती. मारत न्हाई.

मीना : शेळीचं नाही हो. शाळेत बाकीचे सर लोक असतात.

साहेबराव : मी फाटकाभाईर थांबतो. तू दोर धरून आत ने. कोणी इचारलं तर सांग, गावातला शेळ्यावाला हाय.

मीना : तसं नाही, आबा.

साहेबराव : मंग कसं?

मीना : मोबाइलवर व्हिडिओ दाखवते मी. तुम्ही जेवा, भाकरी गार होऊन राह्यली.

साहेबराव : बराबर हाय. व्हिडिओत वरडतीबी.

(दोन आठवड्यांनी. जिल्हा परिषद शाळेचं पटांगण. मीना, हेडमास्तर भागवत सर आणि पहिलीतली साक्षी.)

भागवत सर : मॅडम, हे काय? शाळेत शेळी?

मीना : इंग्रजीचा तास आहे, सर. साक्षी, ये. आधी हात लाव. भिऊ नको.

साक्षी : मॅडम, कान किती मऊ हायेत हिचे!

मीना : हो ना? आता म्हण, गोट.

साक्षी : गोट! मॅडम, ही माझी वही खाऊन राह्यली!

मीना : सोडव हळूच. जा, बाकीच्यांना बोलाव.

भागवत सर : त्या दिवशी सकाळी घरून फोन आला आणि तुम्ही व्हिडिओ अर्धा टाकून पळालात. वडील जाऊन पंधरा दिवस नाहीत झाले. आणखी रजा घ्यायची होती, मॅडम.

मीना : घरी बसवत नाही, सर.

भागवत सर : बरं, शेळी कोणाची मागून आणली?

मीना : आमचीच आहे.

भागवत सर : तुमची? वडील तर जालन्याला कंपनीत सुपरवायझर होते ना?

मीना : तसं मी सांगत होते.

भागवत सर : म्हणजे?

मीना : माझे वडील शेळ्या राखायचे, सर. आदल्या दिवशी ते स्वतः हिला घेऊन येतो म्हणाले होते. मला त्यांची लाज वाटली.